लहान मूळ चित्रं काढून विकणं: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले अनुभव

मलप्रभाकाठ

हातात मावतील एवढी मूळ चित्रं काढायची आणि ती स्वतःच विकायची, हा आता माझा पूर्णवेळ व्यवसाय आहे. जलरंग आणि गुआश (म्हणजे अपारदर्शक जलरंग), दोन्ही वापरते. मूळची खानापूरची, सध्या बेळगावात टिळकवाडीत राहते. एवढ्याशा चित्रांवर घर चालतं का, गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचंच असतं का, गॅलरीशिवाय विक्री होते का, असं आपल्या भागातले बरेच जण विचारतात. म्हणून इथं एकदाच सविस्तर लिहिते. ज्यांचा अनुभव वेगळा आहे त्यांनी जरूर भर घाला.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट आधी सांगते. चित्र लहान आहे म्हणून ते तात्पुरतं असू नये. घेणारा माणूस नऊशे रुपये देतो तेव्हा ते चित्र त्याच्या भिंतीवर पंचवीस वर्षं तसंच राहिलं पाहिजे. त्यामुळं पैसे वाचवायचे असतील तर ते चित्राच्या मापात वाचवा, कागदात आणि रंगात नको.

मी ५.५ × ७.५ इंच हे एकच माप ठरवून टाकलंय. जलरंगाच्या कागदाचा पूर्ण ताव २२ × ३० इंचांचा असतो. त्यातून या मापाचे बरोबर १६ तुकडे निघतात, कातरण उरत नाही. ताव ६०० रुपयांना पडला असं धरलं तर तुकडा साडेसदतीस रुपयांना पडतो. म्हणजे शंभर टक्के कापसाचा, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), आम्लमुक्त कागदसुद्धा या मापात सहज परवडतो. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद काही वर्षांत पिवळा पडतो आणि त्यावर रंगाचा दुसरा थर दिला की पहिला उखडून येतो.

रंगांचं तसंच. ट्यूबवर रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो, तो वाचायची सवय लावून घ्या. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीवाय ४२ म्हणजे यलो ऑकर, पीआर १०१ हा लोहाचा तांबडा. हे तिन्ही उजेडात टिकतात. पीआर ८३ म्हणजे जुना अलिझरिन क्रिमझन, तो हळूहळू उडतो. ऑपेरा नावानं मिळणारा झगझगीत गुलाबी तर त्याहून लवकर जातो. ज्या ट्यूबवर क्रमांकच नाही ती विकायच्या चित्रात वापरू नका. खात्री नसेल तर कागदाच्या पट्टीवर रंग लावा, अर्धी पट्टी जाड पुठ्ठ्यानं झाका आणि भरपूर ऊन येणाऱ्या खिडकीत एक उन्हाळा ठेवा. पुठ्ठा काढल्यावर कुठला रंग ठेवायचा आणि कुठला नाही ते समोर दिसतं.

आता काय काढायचं. सुरुवातीला सगळे फुलं, मांजरं आणि इंटरनेटवरचे युरोपातले रस्ते काढतात. ते वाईट नाही, पण तशी चित्रं जगभरातले हजारो लोक काढतात. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराचं शिखर, देगावच्या कमल नारायण मंदिरातले खांब, बेळगावच्या किल्ल्यातलं कमल बस्ती हे जैन मंदिर, येळ्ळूरच्या भातशेतीतून दिसणारा राजहंसगड, टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर गाडी जायची वाट बघत उभी असलेली रांग, संकेश्वरी मिरची वाळत घातलेलं अंगण, हे आपल्याशिवाय कोण काढणार? जांभ्याचा दगड पावसात कसा काळवंडतो आणि उन्हाळ्यात कसा तापल्यासारखा दिसतो हे आपण लहानपणापासून बघितलंय. आणि घेणाराही ते ओळखतो. माझी निम्म्याहून जास्त चित्रं ज्यांनी घेतली, त्यांनी चित्राकडं बघून आधी स्वतःची त्या जागेची गोष्ट सांगितली, किंमत नंतर विचारली.

किमतीचं, विक्रीच्या जागांचं आणि पाठवणीचं पुढच्या प्रतिसादांत लिहिते, फार लांबलं.

मूळ_बेळगाव

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी घेणाऱ्यांच्या बाजूनं लिहितो. शिक्षण बेळगावात झालं, नोकरीमुळं पुण्यात. घरात हॉलमध्ये मोठं चित्र लावायला भिंतच नाही, भाड्याच्या घरात खिळेही मारू देत नाहीत. पण पुस्तकांच्या कपाटात उभी ठेवता येतील अशी तीन-चार लहान चित्रं आहेत आणि ती प्रत्येक घर बदलताना हातातल्या पिशवीतून येतात. त्यातलं एक शहापूरच्या हातमागाच्या घराचं आहे. माझी आजी वडगावची, साड्या विणणाऱ्या घरातली. ते चित्र मी किंमत न विचारता घेतलं होतं. तुमचं म्हणणं पटलं.

नवी_पेन्सिल

ताई, मी चिक्कोडीचा. बीए करतोय, चित्रकला स्वतःच शिकलोय. नऊशे रुपये हा आकडा कसा काढला ते सांगाल का? मी एक चित्र मित्राच्या वडिलांना दीडशेला दिलं तर घरचे म्हणाले, कागदाच्या तुकड्याचे दीडशे घेतलेस?

मलप्रभाकाठ

घरच्यांवर रागावू नकोस. त्यांनी आजवर कागद आणि रंग यांचीच किंमत बघितलीय, तुझ्या वेळाची कधी बघितली नाही.

माझा हिशोब चौरस इंचावर आहे. ५.५ × ७.५ म्हणजे सव्वाएक्केचाळीस चौरस इंच. इंचाला २२ रुपये धरले की नऊशेच्या आसपास येतं. या दरात कागद, रंग, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), पाकीट, रेखाटनासाठी केलेला प्रवास आणि फसलेली चित्रं, सगळं धरलेलं आहे. हो, फसलेली पण. पाच काढली आणि तीन विकण्यासारखी झाली तर उरलेल्या दोनांचा कागद आणि वेळ त्या तिन्हींनीच भरून काढायचा असतो.

मोठ्या चित्राला इंचाचा दर कमी लावायचा, लहानाला जास्त. कारण माप निम्मं झालं म्हणून विचार करायचा वेळ निम्मा होत नाही. रचना, उजेड, रंगांची निवड हे सगळं लहान चित्रातही तेवढंच करावं लागतं.

तू सुरुवात करतोयस, तर इंचाला १० रुपये धर. पण जो दर धरशील तो सगळ्यांना सारखा ठेव. मित्राच्या वडिलांना एक, अनोळखी माणसाला दुसरा, इन्स्टाग्रामवर तिसरा, असं करू नकोस. बेळगावात दोन माणसं एकमेकांना ओळखत नाहीत असं सहसा होत नाही. आणि दर वाढवायचा तो वर्षातून एकदाच, आधी सांगून.

गल्लीतला_वाचक

थोडा वेगळा मुद्दा मांडतो. नऊशे रुपये आपल्या गावात जास्त होतात असं मला वाटतं. निपाणीत किंवा अथणीत तंबाखू आणि उसाच्या पैशावर चालणाऱ्या घरात लोक देवघराला, लग्नाला खर्च करतील, पण चित्राला नऊशे? त्यापेक्षा चांगल्या प्रिंट काढून दीडशेला विकल्या तर दहापट लोकांच्या घरी चित्र जाईल. कला सगळ्यांपर्यंत पोचावी असं म्हणायचं आणि किंमत अशी ठेवायची, हे जुळत नाही.

मलप्रभाकाठ

तुमचा मुद्दा मला मान्य आहे, म्हणजे चित्र जास्त घरांत जावं हा. प्रिंटला माझा विरोध नाही, मीही काढते. पण प्रिंटच्या मागं मोठ्या अक्षरात ‘प्रिंट’ असं लिहिते आणि ती वेगळ्या टेबलावर ठेवते. मूळ चित्र आणि प्रिंट एकाच ढिगाऱ्यात ठेवली की घेणाऱ्याला फरक कळत नाही. मग मूळ चित्राचा भाव प्रिंटपर्यंत खाली येतो आणि काढणाऱ्याचं पोट भरत नाही.

आणि मूळ चित्रच स्वस्तात द्यायचं असेल तर आणखी लहान काढा की. अडीच बाय साडेतीन इंचांची, पत्त्याच्या पानाएवढी मूळ चित्रं जगभर काढली, विकली आणि चित्रकारांत आपापसांत अदलाबदल केली जातात. मी तशी अडीचशेला देते. शाळकरी मुलं घेतात, स्वतःच्या पैशानं. अमेरिकेत ड्वेन काईझर या चित्रकारानं २००४ मध्ये रोज एक लहान तैलचित्र काढून ते इंटरनेटवर लिलावात विकायला सुरुवात केली होती, बोली १०० डॉलरपासून. त्याच्यामागून कितीतरी जण त्या वाटेनं गेले. मूळ चित्र परवडेल अशा मापात काढायचं, हीच त्यातली किल्ली होती.

पाटी_रंगारी

मी शहापूरचा. दुकानाच्या पाट्या रंगवायचं काम केलं सगळं आयुष्य. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही अक्षरं हातात बसलेली. फ्लेक्स आलं आणि काम गेलं ते गेलंच. शिवजयंतीच्या चित्ररथाचे पडदे आणि गणपतीच्या मंडपाचं काम तेवढं राहिलं, ते पण वर्षातून दोन-तीन महिने.

आता मी लहान पत्र्यावर जुन्या पाट्या रंगवतोय. सहा बाय आठ इंचाचा पत्रा, कडा घासून घ्यायच्या न्हाईतर हात कापतो. रेड ऑक्साईडचा प्रायमर, वाळला की बारीक पॉलिश पेपर, मग इनॅमलचे दोन हात, मग अक्षरं. खडेबाजारातली, गणपत गल्लीतली, रविवार पेठेतली जुनी दुकानं कशी दिसायची ते डोक्यात हाय अजून. पानाचं दुकान, सायकलचं दुकान, कुंद्याचं दुकान. लोक बघतात आणि म्हणतात, अण्णा, हे दुकान आमच्या घरासमोर होतं की. मग घेतात.

मलप्रभाकाठ अक्का म्हणालीत ते खरं हाय, जागा ओळखली की माणूस थांबतो. मला एवढंच सांगायचंय, पाटी रंगवणाऱ्यांनी मोठं काम गेलं म्हणून ब्रश ठेवू नका. अक्षराचा हात दहा वर्षांनी तयार होतो, तो असा टाकून द्यायचा न्हाई.

मलप्रभाकाठ

अण्णा, हे वाचून फार बरं वाटलं. तुमच्या पत्र्यांना पावसाळ्याची भीती नाही, आम्हा कागदवाल्यांना ती मोठी आहे. तुमची अक्षरं तुम्ही मोजून आखता की सरळ ब्रशनं?

पाटी_रंगारी

वरची आणि खालची रेघ खडूनं मारायची दोऱ्यानं. मधलं सगळं नजरेनं. देवनागरीला शिरोरेघ आधार देते. कन्नडला वर सलग रेघ न्हाई, अक्षर सगळं गोल, म्हणून गोलाईचा हात वेगळा लागतो. नव्या पोरांनी दोन्ही शिकावं. आपल्या भागात दोन्ही लागतात.

चौकट_दुकान

फ्रेमचा धंदा करतो, म्हणून माझ्याकडं काय येतं ते सांगतो. पावसाळा संपला की लोक बुरशी आलेली चित्रं घेऊन येतात. बहुतेकांचं कारण एकच: चित्र थेट काचेला चिकटलेलं. काचेच्या आतल्या बाजूला दमट हवेचं पाणी धरतं आणि कागद ते पितो. मध्ये माउंट असला पाहिजे, म्हणजे काच आणि चित्र यात अंतर राहतं. माउंट आम्लमुक्त मागून घ्या, साधा पुठ्ठा कापलेल्या कडेला पिवळा पडतो आणि तो डाग चित्रावर उतरतो.

दुसरं, चित्र माउंटला चिकटवताना सेलोटेप किंवा फेव्हिकॉल लावू नका. टेपचा गोंद पिवळा होऊन कागदातून आरपार येतो. वरच्या कडेला आम्लमुक्त कागदी टेपच्या दोन बिजागऱ्या द्या, खाली मोकळं सोडा. हवेप्रमाणं कागद फुगतो-आकसतो, त्याला जागा पाहिजे.

तिसरं, फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावा. भिंतीला ओल असली तरी मागून हवा खेळती राहते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या घरांना तर हे हवंच.

आणि चित्रकारांना विनंती, मापं तयार फ्रेमची धरा. ५ × ७ चं चित्र माउंटसकट ८ × १० च्या तयार फ्रेमीत बसतं. ५.५ × ७.५ ला पण ८ × १० चालते, फक्त माउंटची खिडकी वेगळी कापून घ्यावी लागते. विचित्र माप आणलं की फ्रेम चित्रापेक्षा महाग होते आणि गिऱ्हाईक दोन्ही सोडून जातं.

मलप्रभाकाठ

माझ्याकडून चित्र घेणाऱ्या प्रत्येकाला मी यातलं तयार फ्रेमच्या मापाचं सांगते, बाकीचं आता तुमचा प्रतिसाद दाखवून सांगेन.

पावसाळ्याचं माझ्याकडून थोडं. जून ते सप्टेंबर कोरे तावही सांभाळावे लागतात. जलरंगाच्या कागदाला सरसाचा हात दिलेला असतो, त्यामुळं रंग वर तरंगतो. दमट हवेत कागद उघडा पडून राहिला की तो सरस जागोजागी बिघडतो. वरून काही दिसत नाही, पण रंग लावला की टीपकागदासारखा ठिपक्याठिपक्यांनी आत शोषला जातो. म्हणून ताव कापून, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून, लाकडी कपाटात वरच्या खणात ठेवा. भिंतीला टेकवू नका. पुड्यांतले दाणे रंग बदलणारे असतील तर ते बदलले की तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात.

मात्र पावसाळ्याचा एक फायदा आहे. ढगाळ दिवसाचा उजेड चित्राचे फोटो काढायला सगळ्यात चांगला. सावली नाही, चमक नाही. खिडकीजवळ चित्र सपाट ठेवा, बाजूला कोरा पांढरा कागद ठेवा, फोटोत तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंग जुळवा आणि मग कडा कापा. विकत घेणाऱ्याला पाकीट उघडल्यावर फोटोपेक्षा चित्र जास्त चांगलं वाटलं पाहिजे, उलट नाही.

कोल्हापुरी_जलरंग

कोल्हापूरहून लिहितोय, पण आमचं आणि बेळगावचं चित्रकलेचं नातं जुनं म्हणून राहवलं नाही. आमच्याकडं चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या आसपास निसर्गचित्रं काढली. तुमच्याकडं चित्रकार के. बी. कुलकर्णींचं चित्रमंदिर, म्हणजे त्यांची चित्रकलेची शाळा. रवी परांजपे बेळगावचेच, जन्म १९३५ चा, के. बी. सरांकडं शिकून पुढं मुंबई-पुण्यात एवढं मोठं काम केलं. लहान गावात बसून, समोरचं बघून काढायचं, हे आपल्या दोन्ही गावांना परकं नाही. शेतात बसून तासाभरात लहान कागदावर संपवलेलं चित्र हे चांगल्या अर्थानं आपल्या परंपरेतलं आहे, ते कुणी इन्स्टाग्रामवरून आणलेलं नाही.

विक्रीबद्दल एक प्रश्न. गॅलरीत ठेवलं तर चाळीस टक्क्यांपर्यंत कमिशन जातं. तुम्ही ते किमतीत वाढवता का?

मलप्रभाकाठ

नाही. गॅलरीत आणि माझ्याकडं एकच किंमत. गॅलरीत महाग आणि माझ्याकडं स्वस्त असं केलं तर गॅलरीवाला चित्र ठेवणार नाही, आणि त्यानं का ठेवावं? म्हणून मूळ किंमत ठरवतानाच अशी ठरवायची की कमिशन देऊनही तोटा होणार नाही. लहान चित्रं मी गॅलरीत फार थोडी पाठवते हेही खरं. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात के. बी. कुलकर्णींच्या नावाचं कलादालन आहे, तिथं प्रदर्शनं बघायला जरूर जा. नव्या माणसानं आधी चार जणांबरोबर सामूहिक प्रदर्शन करावं, भाडंही वाटून जातं.

माझी खरी विक्री होते ती तीन ठिकाणी. पहिली, आपल्या भागातली ग्रामीण मराठी साहित्य संमेलनं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी. तिथं पुस्तकांच्या स्टॉलजवळ एक टेबल मागून घेते. पुस्तक घ्यायला आलेला माणूस थांबून बघणारा असतो, त्याला घाई नसते. शेतकरी येतात, निवृत्त शिक्षक येतात, मुली येतात. गल्लीतला_वाचक, तुम्ही वर म्हणालात की गावात कुणी घेणार नाही, तर एकदा या. गुऱ्हाळाचं चित्र उसाचं शेत असलेल्या माणसानंच घेतलं.

दुसरी, दिवाळीच्या आधीची महिला मंडळांची प्रदर्शनं. फराळ, पणत्या, साड्या यांच्यात एक टेबल चित्रांचं. भेट म्हणून चित्र द्यायची सवय तिथूनच लागते. तिथं फ्रेम केलेलंच ठेवावं, कारण भेट लगेच द्यायची असते.

तिसरी, बेंगळुरूची चित्रसंते. कर्नाटक चित्रकला परिषद जानेवारीतल्या एका रविवारी कुमारकृपा रस्त्यावर भरवते. अख्खा रस्ता चित्रांचा, देशभरातले चित्रकार, आणि अलोट गर्दी. आधी अर्ज करावा लागतो. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघालं की सकाळी पोचता येतं आणि लहान चित्रांचा मोठा फायदा इथं कळतो, सगळा माल एका बॅगेत मावतो. तिथं मराठी कळणारे कमी, म्हणून मी प्रत्येक चित्राच्या मागच्या चिठ्ठीवर जागेचं नाव मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहिते. मग बेळगावातही तीच चिठ्ठी ठेवली. कन्नड बोलणारी शेजारीण सौंदत्तीच्या डोंगराचं चित्र घेऊन गेली, ते त्या चिठ्ठीमुळंच. तिचं माहेर तिकडचं.

हिशोबवही

निपाणीत कर सल्लागाराचं काम करतो. या धाग्यावर एक गोष्ट कुणी काढली नाही, ती आपल्या भागासाठी फार महत्त्वाची आहे, म्हणून जरा खोलात लिहितो.

आपण कर्नाटकात. कोल्हापूर, पुणे, गोवा ही आपली जवळची गिऱ्हाइकं, पण जीएसटीच्या नजरेत ती परराज्यातली विक्री. राज्यातल्या राज्यात फक्त वस्तू विकणाऱ्याला कर्नाटकात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. परराज्यात वस्तू विकली की मात्र सर्वसाधारण नियमानं पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. निपाणीतून कागलला चित्र दिलं तरी.

यात हस्तकलेच्या वस्तूंना सवलत आहे, आणि हस्तकलेच्या यादीत हातानं काढलेली चित्रं येतात. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीशिवाय परराज्यात विकता येतं. अट अशी की पॅन पाहिजे आणि माल पाठवताना ई-वे बिल (मालवाहतुकीचं ऑनलाइन बिल) काढलं पाहिजे. ही सवलत हातानं काढलेल्या चित्रांची आहे, यंत्रावर छापलेल्या प्रिंटची नाही. दोन्ही विकणाऱ्यांनी वह्या वेगळ्या ठेवाव्यात आणि परराज्यात प्रिंट पाठवायच्या आधी आपल्या सल्लागाराला विचारावं.

ऑनलाइन बाजारपेठेच्या संकेतस्थळांवरून विकायचं तर १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्यांनाही वस्तू विकता येतात, पण फक्त आपल्याच राज्यात.

दुसरा विषय कॉपीराइटचा. तुम्ही स्वतःच्या मनानं काढलेलं चित्र विकलं तर घेणाऱ्याला चित्र मिळतं, त्याच्या प्रती छापायचा हक्क मिळत नाही. तो तुमच्याकडंच राहतो. पण कुणी पैसे देऊन सांगून चित्र काढून घेतलं, तर १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार वेगळा करार नसेल तेव्हा त्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो. ऑर्डर घेताना दोन ओळींचं पत्र करा: कॉपीराइट चित्रकाराकडं राहील. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालं म्हणून गप्प बसू नका, सहीचा कागद ठेवा.

मलप्रभाकाठ

हे सगळं एका ठिकाणी मिळणं फार उपयोगाचं आहे. ऑर्डरच्या कॉपीराइटबद्दल तर प्रत्येकानं वाचावं. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं एका दुकानदाराला त्याच्या जुन्या वाड्याचं चित्र काढून दिलं आणि दिवाळीत त्या चित्राची कॅलेंडरं गावभर वाटली गेली. तिला एक कॅलेंडरसुद्धा दिलं नाही. करार असता तर तिच्या हातात काहीतरी राहिलं असतं.

मूळ_बेळगाव

पाठवणीबद्दल लिहा ना. माझ्याकडं आलेलं एक पाकीट मधोमध दुमडलेलं होतं, चित्राला कायमची घडी पडली.

मलप्रभाकाठ

चित्र आधी बटर पेपरमध्ये, मग पारदर्शक पिशवीत बंद करायचं, म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही. त्यानंतर खोक्याच्या पन्हाळीदार पुठ्ठ्याचे दोन तुकडे चित्रापेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठे कापायचे. एकाच्या पन्हाळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. दोन्हीच्या एकाच दिशेला असल्या तर पाकीट त्या रेघेवर सहज दुमडतं, आडव्या-उभ्या असल्या की दुमडत नाही. चित्र मध्ये ठेवून चारी कडा टेपनं बंद करायच्या. पुठ्ठा किराणा दुकानातून फुकट मिळतो.

मी स्पीड पोस्टनंच पाठवते. रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं, त्यामुळं आता तोच एक मार्ग धरा. काचेची फ्रेम पोस्टानं पाठवू नका. माउंट लावून पाठवा, फ्रेम त्यांना तिथं करू दे.

गल्लीतला_वाचक

कडोलीला येईन. दोन मुलींना घेऊन येतो, पत्त्याच्या पानाएवढी चित्रं त्यांना दाखवायची आहेत. किमतीबद्दल माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, पण फसलेल्या चित्रांचा आणि कमिशनचा हिशोब वाचल्यावर नऊशे कुठून येतात ते कळलं.

नवी_पेन्सिल

मी आज पहिल्यांदा ५.५ × ७.५ वर चिक्कोडीच्या बाजाराचं चित्र काढलं. समोर बसून, फोटोवरून नाही. कापसाचा कागद मिळाला नाही म्हणून जो होता त्यावरच. चित्र जोडलंय. कृपया सगळ्यांनी स्पष्ट सांगा, काय चुकलंय.

कोल्हापुरी_जलरंग

माणसांची गर्दी फार चांगली बसवलीयस, एकेका फटकाऱ्यात. आकाश मात्र हिरवट गेलंय. निळा वाळायच्या आत त्यात पिवळा उतरलाय. आधी क्षितिजाजवळचा पिवळसर हात दे, तो पूर्ण वाळू दे, मग वरून निळा. आणि मधल्या छत्रीचा लाल आणि उजवीकडच्या टोपलीतला लाल सारखाच झालाय, नजर दोन्हीकडं पळते. टोपलीतला जरा तपकिरी करून दाब.

पाटी_रंगारी

मागच्या दुकानाची पाटी वाचता येत न्हाई. एवढ्या लहान मापात अक्षरं लिहू नको, अक्षरांची लांबी-रुंदी दिसेल एवढे ठिपके दे. लिहायला गेलं की ते अक्षर पण न्हाई राहत आणि चित्र पण न्हाई. बाकी हात चांगला हाय तुझा.

मलप्रभाकाठ

दोघांचंही बरोबर आहे, आणि मला त्या डाव्या बाजूच्या मिरच्यांच्या पोत्यावर पडलेलं ऊन फार आवडलं. ते पुढच्या चित्रातही तसंच राखून ठेव, कोरा कागद सोडून. बेळगावला आलास की कळव, माझ्याकडं कापलेले कापसाचे तुकडे आहेत, त्यातले काही घेऊन जा. याच बाजाराचं चित्र त्यावर परत काढ आणि दोन्ही शेजारी ठेवून इथं टाक.